दुसऱ्या रकान्यातलं पाणी

लोकांना वाटतं, पाणी तपासणं म्हणजे बाटली भरली, मशीनला लावली, आकडा आला, झालं. कप्पाळ! आकडा मशीन काढतं. त्या आकड्याला चांगला म्हणायचं की वाईट, हे कागद ठरवतो, आणि त्या कागदावर सही माझी असते.

इंदूरला पोलोग्राउंडच्या एका लॅबमध्ये मी केमिस्ट आहे. शहराबाहेर गिट्टीची, म्हणजे खडीची, एक मोठी खदान आहे. तिच्या आसपासच्या विहिरी आणि बोअर वर्षातून दोनदा तपासायचं काम आमच्याकडे असतं. ही तपासणी करवून घेते ती खदानच, हे आधीच सांगून ठेवते.

खदानीला लागून वीसेक घरांची वस्ती आहे. तिथल्या एका काकीजींच्या अंगणातल्या बोअरचं पाणी मी घेते. नमुना घेण्याआधी मोटर बराच वेळ चालू ठेवावी लागते. पहिल्या खेपेला काकीजी माझ्यावर जाम भडकल्या. "मैडम, पानी फेंकने आई हो क्या?" मी समजावलं, की पाइपात साचलेलं नको, खालचं ताजं पाहिजे. "ताज़ा ही तो ख़राब है," त्या म्हणाल्या.

खोटं नव्हतं ते. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याला आतून पांढरा थर बसतो. खदान खोल गेली तसं पाणी बिघडत गेलं, असं सगळी वस्ती सांगते. काकीजींच्या सुनेचं मुतखड्याचं ऑपरेशन दोनदा झालं. आता घरात नात रांगत होती, आणि तिच्या तोंडात हे पाणी जाऊ नये एवढंच काकीजींच्या डोक्यात होतं. वस्तीने नळाच्या लाइनीसाठी अर्ज केला. सरकारी ऑफिसातून उत्तर आलं, लॅबची रिपोर्ट लावा.

रिपोर्ट लावली, माझ्याच सहीची. तिच्यात लिहिलं होतं, पाणी पिण्यायोग्य. अर्ज फेटाळला गेला.

पुढच्या खेपेला काकीजींनी मला ओट्यावर बसवून सरळ विचारलं, असं कसं लिहिलं? आता काय सांगणार? पण सांगितलं. पिण्याच्या पाण्याच्या तक्त्यात क्षारांच्या मर्यादेचे दोन रकाने असतात. पहिला कडक. दुसरा ढिला, आणि तो कधी लावायचा? तर लोकांना पाण्याची दुसरी कुठलीच सोय नसेल तेव्हा. आमच्या फॉर्मवर तसा प्रश्नच आहे: पर्यायी स्रोत आहे की नाही. वस्तीला तो नव्हता, म्हणून मी 'नाही' वर खूण केली आणि पाणी दुसऱ्या रकान्यात पास झालं.

काकीजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मतलब हमारे पास दूसरा पानी नहीं है, इसलिए ये वाला अच्छा है?"

मी हो म्हटलं. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. एम.एस्सी. केलेली बाई मी, आणि तोंडातून निघालं काय, तर हो!

त्यांनी खदानीच्या गेटकडे बोट दाखवलं. तिथे ट्रकवाल्यांसाठी गोड्या पाण्याच्या टाकीला एक नळ लावलेला होता. चौकीदार बरा असला की बायका दोन हंडे भरून आणत. "वो है न दूसरा पानी. लिख दो, है."

डोकंच चाललं की हो बाईचं! आणि बिलकुल खोटं नव्हतं. मी 'आहे' वर खूण केली. पहिला, कडक रकाना लागला आणि तेच पाणी नापास झालं. आमचे सर पुण्याहून आलेले. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही इंदूरकर फार भावनिक." मी म्हटलं, "सर, फॉर्मने विचारलं तेच लिहिलंय. चूक असेल तर दाखवा." त्यांनी रिपोर्ट पुढे पाठवली. त्या संध्याकाळी बड़ा गणपतीजवळ घरी जाता जाता मी कचोऱ्या बांधून घेतल्या. नवऱ्याला म्हटलं, आज इतक्या वर्षांत एक काम सही केलं. काय तो माझा तोरा!

ही नवी रिपोर्ट लावून वस्तीने पुन्हा अर्ज केला. दोन महिन्यांनी काकीजी दोन बस बदलून लॅबमध्ये आल्या. हातात सरकारी ऑफिसचं पत्र. "ठीक से पढ़ो मैडम, पंचायतवाले ने उलटा पढ़ा होगा."

मी वाचलं. बोअरचं पाणी पिण्यास अयोग्य आढळलं आहे. तथापि वस्तीस पर्यायी स्रोत उपलब्ध असल्याने नळयोजनेची आवश्यकता नाही.

त्यांनी परत वाचायला लावलं. मी परत वाचलं. मला कुणाच्या तरी नावाने ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडणार कुणावर? 'आहे' वर खूण माझी होती. काकीजी पत्राची घडी घालून निघून गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पत्राची एक प्रत खदानीलाही गेली असणार. वस्तीला पाणी पुरवतो असं कागदावर राहिलं, तर उद्या ते गळ्यात पडेल, असं त्यांनी ओळखलं. पुढच्या नमुन्याला गेले तेव्हा गेटवरचा नळ काढून टाकलेला होता, भोकात लाकडाची खुंटी ठोकलेली. चौकीदार म्हणाला, ऊपर से ऑर्डर है.

मी मोटर चालू करायला सांगितली. बाटली तीनदा विसळली, भरली, झाकण लावलं. फॉर्म काढला आणि 'नाही' वर खूण केली. दुसरं काय करणार होते? पर्यायी स्रोत आता नव्हताच.

काकीजी नातीला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. "इस बार क्या निकलेगा?" त्यांनी विचारलं.

नमुना अजून लॅबमध्ये पोचायचा होता. मी म्हटलं, "अच्छा निकलेगा, काकीजी."