तू कशात केलं होतंस?

आमच्या मजल्यावर सर्वेक्षणाच्या बाई आल्या, तेव्हा मी लिफ्टची वाट बघत उभा होतो. समोरच्या दारात साने माहिती देत होते. स्वतःचं शिक्षण त्यांनी कॉलेजच्या नावासकट सांगितलं, वर्गात कितवे आले होते तेही.

"मिसेसचं?" बाईंनी विचारलं.

"ग्रॅज्युएट लिहा."

"विषय?"

साने अडले. मग आत तोंड करून म्हणाले, "अगं, तू कशात केलं होतंस?"

मला भयंकर राग आला. या शहरात लोक लग्नपत्रिकेत सुनेच्या नावापुढे कंसात डिग्री छापतात. पाहुण्यांनी ती वाचली की तिचं काम संपलं. पुढे किती विषय ओट्यापाशी उभे राहून कुकरच्या शिट्ट्या मोजत असतात, ते कुठल्या फॉर्मात लिहायचं? आणि मी तरी बायकोला तिच्या विषयाबद्दल शेवटचं कधी विचारलं होतं? लिफ्ट येऊन गेली, मी तसाच उभा.

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. "भूगर्भशास्त्र. एम.एस्सी."

बाई लिहू लागल्या. वहिनींची नजर उंबऱ्याच्या काळ्या दगडावर गेली. हा दगड साने येणाऱ्या-जाणाऱ्याला अस्सल ग्रॅनाइट म्हणून कौतुकाने दाखवतात.

"आणि हा ग्रॅनाइट नाहीये," त्या नवऱ्याला शांतपणे म्हणाल्या. "गॅब्रो आहे. आतला ओटाही."

साने चपापले. "मग घेताना बोलली का नाहीस?"

"तुम्ही दुकानदाराला विचारत होतात."