मागायच्या आत अख्खा तालुका

किस्से काही कोणी जमवत नाही हो, ते आपोआप साचतात. आमची सॉफ्टवेअर कंपनी यवतमाळच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात होती. कापसाचे दिवस वाईट, म्हणून जागा स्वस्त. टेबल झटकलं की थोडी रुई उडायची आणि सोबत एखादा किस्सा!

*

आमचे मालक रामटेके सर स्वतःचं वेब फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा, बांधत होते. माणसाने मागायच्या आत डेटाबेसमधून सगळं एकदम आणून ठेवायचं, हे त्यांचं वेड. आमच्या गजूने एकेका नावासाठी वेगळी क्वेरी लिहिली, तर सर कडाडले, "पंगतीत एकाएका पोळीसाठी सैपाकघरात जातं काय बे? टोपलंच घेऊन फिर ना!"

गजूने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी तापाच्या रजेचे वर्षभराचे अर्ज त्याने एकदमच टेबलावर ठेवले. "मंग घडीघडी कायले चकरा मारू?"

*

एका बाजार समितीचं काम मिळेल असं वाटत होतं. नाही मिळालं तर कंपनीला कुलूप आणि आम्ही पुण्याला. मला यवतमाळ सोडायचं नव्हतं, अजिबात नव्हतं.

शेतकऱ्यांची यादी करायची होती, प्रत्येकापुढे त्याचा वारस. आता वारसही शेतकरीच, म्हणजे त्यालाही वारस! सरांच्या फीचरने एक नाव उघडताच वारसाचा वारस धरत अख्खा तालुका आणला. पान उघडेपर्यंत मी भाजी घेऊन परत यायची.

*

मग कुठे थांबायचं यावर मीटिंग झाली. गजू म्हणाला, "साळ्यापर्यंत आणू न सर."

"अन् साळ्याचा साळा रुसला तं?" सर म्हणाले.

दोन तास चर्चा झाली. शेवटी कोणाला वाईट वाटायला नको म्हणून मर्यादा घातलीच नाही.

*

एकदा आई डबा द्यायला आली. पडद्यावर नावं उतरताना पाहून तिने खुर्चीच ओढली. मी बंद करायला गेले, तर माझा हात धरला. "थांब वं! पोरगा कोनाचा आहे, ते आता येईनच."

त्या आठवड्यात मला दोन स्थळं आली.

*

आणि डेमोचा दिवस. बाजार समितीचे सभापती आले. आम्ही पान उघडायला घेतलं. एक चहा झाला, दुसरा झाला, सभापतींनी घड्याळ पाहिलं. एकदाचं पान उघडलं आणि लोडशेडिंग! कोपऱ्यातला सर्व्हर गप्प. लॅपटॉप तेवढा बॅटरीवर सुरू. मला रडूच येणार होतं.

सभापतींनी मात्र एका नावावर बोट दाबलं. वारस आला. वारसावर दाबलं, त्याचाही आला! सगळा तालुका आधीच लॅपटॉपमध्ये येऊन बसला होता. त्यांनी स्वतःचं गाव काढलं, व्याह्याचं काढलं.

अर्ध्या तासाने ते उठले. "मंजूर! पण रामटेके, लाइट गेल्यावर हे येवढं भराभरा चालते, तं मंग लाइट असतानी कायले चालवता?"