पदराच्या गाठीत ट्रेलरची किल्ली

वाळूजच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचे, तेव्हा हमालांनी मला ठेवलेलं नाव इथं लिहिण्यासारखं नाही. कारण माझा हट्ट. लांबलचक ट्रेलर शेडमध्ये लागला की ड्रायव्हरनं किल्ली माझ्याकडं द्यायची आणि मी ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधायची. आमची क्रेन एकाच जागी पोचायची, म्हणून थोडा माल उतरला की ट्रेलर पुढं घ्यावा लागे. प्रत्येक वेळी सगळ्यांनी खाली उतरून भिंतीपाशी उभं राहायचं, मी डोकी मोजायची आणि मगच गाठ सोडायची.

त्या दिवशी लोखंडी पत्र्यांचे गठ्ठे घेऊन आलेला ड्रायव्हर सिल्लोडकडचा, तरणाबांड, सारखा घड्याळ बघणारा. उस्मानपुऱ्यात सासरवाडीला त्याच्या पहिल्या मुलीचं संध्याकाळी बारसं होतं.

"बाई, लई उशीर व्हतोय. मान्सं वरच राहू द्या, मी अलगद पुढं घेतो."

"अलगद घसरलेला गठ्ठासुद्धा माणसाच्या अंगावरच पडतो."

"तुमाला लेकरं हायेत का नाय?"

"आहेत. यांच्याही घरी आहेत. उतरा रे खाली!"

तो धुसफुसला. मी तापट खरी, पण त्याचं उतरलेलं तोंड बघून मला चुटपुट लागली. हमाल मात्र इरेला पेटले. एरवी माझ्या नावानं बोटं मोडणारे, त्या दिवशी सांगायच्या आधीच भिंतीपाशी जाऊन उभे राहायचे. तरी ऊन कलायला लागलंच. शेवटी मी त्याच्या सासरच्या शेजाऱ्यांकडं फोन लावला. त्याची सासू फोनवर आली.

"बापाबिगर नाव ठेवायचं नाय," ती म्हणाली. "आमीच येतो तिथं. पत्ता सांगा."

साहेबांची परवानगी मी काढली, म्हणजे भांडले.

शेवटचा गठ्ठा खाली टेकला आणि बायकांनी भरलेला टेम्पो गेटातून आत आला. हमालांनी रिकामा ट्रेलर झाडून ताडपत्री अंथरली, शिडी लावली. ड्रायव्हरची नजर क्रेनच्या आकड्यावर गेली.

"हितंच टांगू की झोळी!"

"त्या आकड्याखाली मी हमालाला उभं राहू देत नाही, तिथं तान्हं लेकरू? बाजूला घ्या तो आधी!"

मग नव्या लुगड्याची झोळी केली आणि दोन धिप्पाड हमालांनी ती दोन्हीकडून धरली. पत्र्यांच्या गठ्ठ्यांना न घाबरणारे ते गडी त्या मूठभर जिवाला झोका देताना घामेघूम झाले. आत्यानं वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, आणि बायकांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की शेड घुमली. मी इतकी हसले की डोळ्यांना पदर लावावा लागला, किल्लीसकट. घुगऱ्या तर मी ओंजळीनं खाल्ल्या.

सगळे खाली उतरून शेडभर पांगले. आता ट्रेलर बाहेर काढायचा होता. त्या आनंदात मीच गाठ सोडली आणि किल्ली त्याच्यापुढं धरली.

त्यानं हात मागं घेतले.

"आधी मोजा, बाई," तो म्हणाला. "माजी पोर हाय यांच्यात."

सगळे भिंतीपाशी जाऊन उभे राहिले, सासूबाईसुद्धा. मी मोठ्यानं मोजत गेले. शेवटचा आकडा आईच्या कुशीत झोपलेल्या बाळाला दिला आणि मग किल्ली दिली.