एकदाच बोललेलं

दुपारची भाकरी पोटात गेली, की भूपालअण्णांचा डोळा लागतो. मिरजेच्या घरात आता त्यांना उठवणारं कोणी नाही. सुनंदाबाईंना जाऊन दीड महिना झाला. बाहेर भंगारवाला ओरडत जातो, डोक्यावर पंखा कुरकुरतो, आणि ती कुरकुर हळूहळू लांब जाते.

"उठा की. आज शेवटचा दिवस. गाडी चारची आहे."

उशाशी सुनंदाबाई उभ्या आहेत. विजापूरच्या सहलीत नेसलेली तीच जांभळी साडी, खांद्याला तीच पिशवी. अण्णा स्वयंपाकघराचं दार ढकलतात, तर आत गोल घुमटाच्या मनोऱ्यातला दगडी जिना आहे. अरुंद, उभा. पायऱ्यांवर ओळीनं घरातलेच डाळीचे डबे मांडलेले. ते ओलांडत दोघं चढतात.

चौथ्या मजल्यावर अण्णांच्या छातीत कोणीतरी मूठ आवळतं.

"थांब जरा. दम लागलाय."

"ढोंगं नकोत. तीनच मजले राहिले," बाई वरून म्हणतात. "एवढं लांब येऊन घुमट न बघता गेलो, तर लोक तोंडात शेण घालतील."

हे अण्णांचंच बोलणं. त्या दिवशी ते ह्याच पायरीवर बायकोला म्हणाले होते. ती खालच्या बागेत बसते म्हणत होती, ह्यांनी दंडाला धरून चढवली. घरी आल्यावर बाविसाव्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं जुनं होतं. जिन्याची गोष्ट अण्णांनी कोणाला सांगितली नाही.

पण जिन्याहूनही जास्त दुसरंच काही सलतं.

वर घुमटाच्या आत गोल सज्जा आहे. एका बाजूला भिंतीशी कुजबुजलं, तरी समोरच्या बाजूला भिंतीला कान लावणाऱ्याला स्वच्छ ऐकू येतं. आवाज सात वेळा घुमतो म्हणतात. त्या दिवशी अण्णांनी बाईंना पलीकडे धाडलं. त्या कठड्याला धरून पाय ओढत निघाल्या. अण्णा वैतागले. अजून पोचली नसेल अशा समजुतीनं ते भिंतीशी पुटपुटले, "हे गाठोडं घरीच ठेवून यायला हवं होतं."

बाई परत आल्यावर अण्णांनी विचारलं, काय ऐकू आलं?

"काही नाही. लोकांचा गोंधळ किती," बाई म्हणाल्या. मग चारच्या गाडीत त्यांनी अण्णांना संत्रं सोलून दिलं. स्वतः एक फोडही खाल्ली नाही.

आता सज्ज्यात बाई पलीकडे उभ्या आहेत. मधल्या पोकळीत, खोल खाली, मिरजेचा एसटी स्टँड दिसतो. एक गाडी सुरू होऊन थरथरते आहे. अण्णा भिंतीला ओठ लावतात.

"सुनंदा, त्या दिवशी तू ऐकलंस का?"

ते भिंतीला कान टेकवतात. चुना गार लागतो.

"भूपाल," भिंत म्हणते.

अण्णा झटकन कान मागे घेतात. एक्केचाळीस वर्षांत तिनं त्यांचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, तेही खाली मान घालून.

"अगं, नाव काय घेतेस?"

"मेलेल्या बाईला नवऱ्याच्या नावाचं कसलं आलंय वावडं?"

"ऐकलंस का, तेवढं सांग."

"तू एकदाच बोललास. मला सात वेळा ऐकावं लागलं."

अण्णा भिंतीला दोन्ही हात टेकतात. "चुकलं माझं."

"काय?"

"चुकलं गं माझं. माफ कर मला."

पलीकडे सुनंदाबाई पिशवीचा बंद खांद्यावर नीट करतात. "काही ऐकू येत नाही," त्या म्हणतात. "लोकांचा गोंधळ किती."

सज्ज्यात त्या दोघांखेरीज चिटपाखरू नाही. खाली गाडीचा हॉर्न वाजतो, तशा त्या वळतात आणि पाय न ओढता, झपझप जिन्याकडे जातात.

पंखा कुरकुरतो आहे. घड्याळात चार वाजलेत. अण्णांचा उजवा कान गार पडलाय. ते बोट लावून बघतात, तर बोटाला पांढरा चुना.

घरातल्या सगळ्या भिंतींना पिवळा तेलरंग आहे. गेल्या दिवाळीत सुनंदाबाईंनीच हट्टानं लावून घेतला होता.