टीव्हीतले मामा आणि पेटंटची नोटीस

समस्त बोरी अरब, तालुका दारव्हा, येथील आबालवृद्धांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, यंदाच्या लग्नसराईत आमच्या गावाने एका परदेशी कंपनीच्या बौद्धिक संपत्तीवर अतिक्रमण केले. गावाने म्हणजे मी एकट्याने. पण एवढ्या मोठ्या गोष्टीतून गावाला वगळणे मला प्रशस्त वाटत नाही.

माझे व्हिडिओ शूटिंगचे दुकान आहे. हल्ली मी लग्ने इंटरनेटवरून थेट दाखवतो. माझ्या यंत्रात एक बटण आहे. ते चालू असले की नेट मंदावल्यावर चित्र आपोआप जरासे पुसट होते, पण थांबत नाही. या करामतीचा मी छाती फुगवून एक व्हिडिओ केला आणि जगासमोर ठेवला. गिऱ्हाईक एकही आले नाही. नोटीस आली, तीही इंग्रजीत.

ती घेऊन मी दारव्ह्याला वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांची हयात धुऱ्याच्या भांडणांत गेली. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. त्याच्यापायी आमच्याकडे सख्खा भाऊ भावाला ओळख देत नाही.

"ही कंपनी असे यंत्र बनवते काय?" मी विचारले.

"काहीच बनवत नाई."

"मंग करते काय?"

"शोध लावला दुसऱ्यानंच. हिनं त्याचा हक्क विकत घेतला. आता कोण कोण वापरते ते पाहत फिरते. परवाना घ्या, नाई तं कोर्टात या म्हणते."

"म्हणजे वावर दुसऱ्याचं, पेरलं दुसऱ्यानं..."

"आन् हिनं नुसता धुरा विकत घेतला. त्याच्यावर खुर्ची टाकून बसली." साहेबांच्या आवाजात मला चक्क आदर ऐकू आला. मग त्यांनी सल्ला दिला, "ते बटण तेवढं त्यांचं आहे. त्याले हात लावू नको. धुरा सोडून वखर चालव."

सल्ला बिनतोड होता. अडचण एवढीच, की रविवारी शेजारच्या पोरीचे लग्न होते आणि तिचे मामा उमरखेडच्या दवाखान्यात प्लास्टरमधला पाय टांगून पडले होते. आमच्याकडे नवरीला मांडवात मामा आणतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. पोरीने सांगूनच टाकले होते, मामा मागे नसले तर माळ घालणार नाही. तिच्या वडिलांना मी शब्द दिला: मामा असतील, माझ्या यंत्रावरून टीव्हीत का होईना.

त्यात माझ्या हातून एक चूक झाली, जी आमच्याच भागातला माणूस करू जाणे. मी नोटिशीखालच्या नंबरावर फोन लावला. कंपनीचा नागपूरचा प्रतिनिधी अतिशय शुद्ध मराठीत म्हणाला, "आम्हाला आपल्या उपकरणाची प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल."

"मंग रविवारीच या," मी म्हणालो, "लग्न आहे. जेवूनच जा."

काय करणार? ज्याच्याशी कोर्टात तारखा चालू असतात त्यालाही आमच्याकडे पत्रिका जाते, आणि पंगतीत त्यालाच जास्त आग्रह होतो. फोन ठेवल्यावर लक्षात आले, की फिर्यादीला मी स्वतःच गुन्ह्याच्या जागी बोलावले आहे.

तो आला. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल. नवरीच्या वडिलांनी त्याला वराकडचा बडा पाहुणा समजून टोपी-दुपट्टा दिला, मूठभर अक्षता दिल्या आणि नेमके माझ्या यंत्राशेजारी बसवले.

नवरी निघाली. मागून दोघांनी टीव्ही उचलून आणला. टीव्हीला फेटा बांधलेला, कपाळाच्या जागी कुंकू. आत पलंगावर कोट घातलेले मामा. त्यांना नवरीमागच्या खुर्चीवर ठेवले.

"पोरी, घाबरू नको," टीव्ही म्हणाला, "मी मागंच आहो."

मी बटण बंदच ठेवले होते. दोन मंगलाष्टके सुरळीत पार पडली. मग अख्ख्या मांडवाने एकदम मोबाइल वर केले, नेटचा जीव गुदमरला आणि मामा थिजले. तोंड अर्धे उघडे, अक्षतांचा हात हवेत.

नवरीने मान वळवली. "मामा हालत काहून नाई?" एवढे विचारून ती नवरदेवाकडे पाठ करून, टीव्हीकडे तोंड करून उभी राहिली. भटजी अर्ध्या ओळीवर थांबले.

तिचे वडील धावत माझ्याकडे आले. "भाऊ, मुहूर्त चालला. कर ना काही."

"करता येते," मी म्हणालो, "पण ते बटण या साहेबाचं आहे."

सगळा मांडव साहेबाकडे पाहू लागला. साहेबाने टोपी सावरली. "परवान्याशिवाय वापर झाल्यास त्याची नोंद घेणे मला बंधनकारक आहे," असे म्हणून त्याने फाइल उघडली, पेन काढले आणि माझ्या बोटाकडे पाहत बसला. मी बोट बटणाच्या वर धरून ठेवले. भटजींनी घड्याळ पाहिले. नवरी हलेना. साहेबाने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा मामांच्या उघड्या तोंडाकडे. दुसऱ्या हातातल्या अक्षता घामाने ओल्या व्हायला लागल्या असाव्यात, कारण त्याने मूठ बदलली. तेवढ्यात फाइल घसरून खाली पडली, आणि साहेब सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे म्हणाला,

"अबे, दाब ना ते बटण, मामा कवाचा तोंड वासून बसला आहे तिथं."