भाकरीवरचा आळ

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि जिच्याबाबत घडली तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय ती तुम्ही फार समजूतदार आहात म्हणून नव्हे — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि आधीच बजावते, मध्येच माझी कीव करायला लागू नका. मला रडायचं नाहीये. मला राग आलाय. इतकी वर्षं तो मी भलत्याच लोकांवर काढला — जिमवाल्यावर, कंपनीवर, साहेबांवर. आता एकदा तो जिच्यावर काढायचा तिच्यावरच काढू दे.

मी चाकणच्या एका कंपनीत आहे. मोटारीच्या आत वायरींचे जुडगे असतात — दिव्याकडे जाणारे, हॉर्नकडे जाणारे — ते आमच्याकडे बनतात. राहायला पिंपळे गुरवला. फलटणकडून लग्न होऊन इकडे आले. नवरा भोसरीत प्रेस मशीनवर, मी चाकणला, दोन डबे, दोन बस, असा संसार चाललेला. मग धाकट्या दिराच्या लग्नात फोटो निघाले आणि माझ्या दंडांकडे बघून कुणीतरी काहीतरी बोललं. काय बोललं ते सांगत नाही. लोक बोलतातच. पण मला ते लागलं आणि मी जिम लावली.

जिम आमच्याच गल्लीत. प्रतीक चालवायचा — गावातल्या जुन्या घरातला मुलगा, वडिलांच्या जमिनीवर बिल्डिंग झाली तेव्हा तळमजला यानं घेतला. ट्रकचं टायर उलटवायला लावायचा, जाड दोरी आपटायला लावायचा, उड्या, वजनं — सगळं पहाटे, कंपनीची बस यायच्या आत. आणि त्याच्या जोडीला पॅलिओ डाएट. म्हणजे काय, तर शेती सुरू व्हायच्या आधी माणूस जे खायचा तेवढंच खायचं. भाकरी बंद, भात बंद, डाळ बंद, दूध आणि साखर बंद, म्हणजे चहाही बंद. अंडी, चिकन, मासे, भाज्या, बदाम, खोबरं. आता मला विचारावंसं वाटतं — अगं बाई, तो आदिमानव शिकारीहून आला की झाडाखाली आडवा होत असेल. त्याला कुठे जेवणाची सुट्टी संपली की लाईनवर उभं राहायचं होतं?

पण प्रतीकवर मी काही ढकलणार नाही. तो मला चक्क म्हणाला होता, "ताई, एवढा घाम गाळताय तर रताळं खात जावा, सुरण खावा. न्हाईतर दुपारी गळून पडाल." यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगायचं? मी रताळं खाल्लं नाही. रताळं टाळलं तर वजन आणखी लवकर उतरेल, हा माझा शहाणपणा. उतरलंही. म्हणून तर पुढचं सगळं झालं.

सकाळी मी नुसती वाघीण असायची. जेवणापर्यंत ठीक. मग डबा — तीन उकडलेली अंडी, काकडी, मूठभर बदाम — आणि त्यानंतर तासाभरात ते यायचं. झोप म्हणू नका त्याला. झोप गोड असते. हे म्हणजे टाकीतलं पाणी संपावं आणि नळ नुसता फुसफुसत राहावा, तसं. गुडघे सैल, कान बधिर, हातात लाल वायर धरलीय की तपकिरी ते कळेना. कुणी हाक मारली तर ती दुसऱ्या शेडमधून आल्यासारखी वाटायची. रोज दुपारी. रोज. आणि मी कुणाला सांगितलं? कुणालाही नाही.

कारण तोपर्यंत मी पुढारीण झाले होते ना! कंपनीच्या महिला दिनाला मला माईक दिला आणि मी नाकानं कांदे सोलले. धान्य खाऊन माणूस जड होतो, म्हणाले. भाकरी-भात खाणाऱ्यांना दुपारी सुस्ती येते, मला बघा, मी दिवसभर ताजी. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझा आधीचा आणि नंतरचा फोटो नोटीस बोर्डवर लागला. क्वालिटीचे साहेब स्वतःहून येऊन विचारून गेले, पोट कमी करायला काय करू? त्यांनी माझ्या सांगण्यावरून भात सोडला. आता दुपारी आपल्याला टेबलाला धरून उभं राहावं लागतं हे अशा बाईनं कोणत्या तोंडानं सांगायचं?

आता मंगलबद्दल.

मंगल उदगीरकडची. फायनल चेकिंगच्या टेबलावर आम्ही दोघीच समोरासमोर असायचो. मी कायम, ती ठेकेदाराची. काम असं — तयार जुडगा समोर आला की प्रत्येक वायर बोटांत धरून हलकेच ओढायची. नीट बसली असेल तर हलत नाही. बसली नसेल तर हातात येते. सगळ्या ओढून झाल्या की आपल्या रंगाच्या मार्करनं ठिपका द्यायचा. माझा हिरवा, तिचा पिवळा. ठिपका म्हणजे सही. मी बघितलंय, मी जबाबदार — एवढा त्याचा अर्थ. दुसरीच्या मार्करला हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात.

मंगल बोलायची कमी आणि ओढायची नीट. तिचा डबा म्हणजे ज्वारीच्या दोन भाकरी, एखादी पातळ भाजी, शेंगदाण्याची चटणी. मी त्या भाकरीकडे बघून तोंड वाकडं करायची. आणि दुपारी माझे हात थांबले की हीच बाई काही न बोलता माझ्या समोरचे जुडगे स्वतःकडे ओढून घ्यायची, तपासायची, स्वतःचा पिवळा ठिपका द्यायची. माझं काम, तिची सही. कुणाला कळू दिलं नाही. मला विचारलंसुद्धा नाही, ताई, तुम्हाला काय होतंय म्हणून. एकदाच म्हणाली की भाकर खाऊन बघा. मी तिला पंधरा मिनिटं भाषण दिलं.

त्या वर्षी तिला कायम करणार होते. मेडिकल झालं होतं, नाव पुढे गेलं होतं. तिची मुलगी आजीकडे, गावी. कायम झालं की खोली घ्यायची आणि मुलीला इकडच्या शाळेत आणायचं, एवढंच तिच्या डोक्यात. बसमध्ये ती मला शाळा दाखवायची — ही बरी का ती बरी, ताई? मी म्हणायची, आधी कायम तर हो. असं म्हणायची मी.

आता आलेच त्या दुपारपाशी. बघा, किती फेऱ्या मारून आले.

त्या दिवशी पहाटे प्रतीकनं जरा जास्तच घेतलं होतं आणि मी डब्यातलं अंडंही एकच खाल्लं होतं. तीनच्या चहाआधी माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मंगलनं मला स्टुलावर बसवलं आणि कॅन्टीनकडे पळाली — साखर-मिठाचं पाणी आणायला. समोर जुडग्यांचा ढीग साचत होता. मागून लाईन ओरडत होती. मी उठले. एकही वायर ओढली नाही, नुसते ठिपके देत सुटले. पटापट, एकामागून एक.

पिवळे.

माझा मार्कर सुकला होता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. चक्कर होती, हाताला जो लागला तो उचलला, असंही सांगून पाहिलं. पण हिरवा मार्कर माझ्या खिशात होता आणि चांगला ओला होता. पिवळा उचलायला मला टेबलावरून पलीकडे वाकावं लागलं. चक्कर आलेली बाई वाकून मार्कर उचलते? डोळ्यांपुढे अंधार होता, पण हिशेब लख्ख होता — उद्या काही निघालं तर ते माझ्या रंगात निघायला नको. दमलेलं माणूस चुकतं, मान्य. मी चुकले नव्हते. मी दमलेली होते आणि शिवाय लबाड होते.

मंगल ग्लास घेऊन आली तोवर ढीग पुढे गेला होता आणि पिवळा मार्कर तिच्या जागी परत होता. मी तो परत केला. साखर मला चालत नाही, म्हणाले.

काही आठवड्यांनी गिऱ्हाईक कंपनीकडून माल परत आला. वायर सुटलेली, दिवा लागत नव्हता, आणि वर पिवळा ठिपका. साहेबांनी आम्हाला दोघींना केबिनमध्ये बोलावलं. मंगलनं तो जुडगा हातात घेतला, उलटापालटा केला, परत परत ठिपका बघितला. तिला आठवेना की आपण असा कसा सोडला. आठवणार कसं? तिनं तो सोडलाच नव्हता. साहेब खरं तर रागात नव्हते. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही समोर असता, हिचं काय होतं? काही अडचण आहे का?

इथे गप्प बसले असते तरी निम्मं पाप टळलं असतं. मला कुणी गळा धरून बोलायला लावलं नव्हतं. पण मी बोलले. शांतपणे, काळजीच्या आवाजात बोलले.

"साहेब, दुपारी तिला झोप अनावर होते. भाकऱ्या खाते ना दोन-दोन."

ऐकलंत? माझं दुखणं उचललं आणि तिच्या डब्यात ठेवलं. साहेबांनी मान डोलावली. लगेच पटलं त्यांना, कारण हे ज्ञान त्यांना मीच दिलं होतं, माईकवरून. त्यांचा मला किती संताप यायचा नंतर! एवढा शिकलेला माणूस, एक प्रश्न सुचू नये? बाई सहा वर्षं या टेबलावर भाकरी खाऊन काम करतेय, मग आजवर एकही तक्रार कशी नाही? पण चोर सोडून संन्याशाला सुळी देणाऱ्यावर चिडायचा हक्क चोराला असतो का? साहेबांनी मंगलला विचारलं, झोप लागली होती का. ती ठिपक्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लागली आसंल, साहेब." तिचा स्वतःच्या आठवणीपेक्षा त्या ठिपक्यावर जास्त विश्वास होता. ठिपका तिच्या लेखी खोटा असूच शकत नव्हता, कारण तिनं कधी खोटा दिला नव्हता.

कायमच्या यादीतून तिचं नाव निघालं. पुढच्या सोमवारपासून ठेकेदारानं तिला येऊ नको म्हणून सांगितलं. ती जाताना मला डबा धुऊन देऊन गेली — माझाच डबा, सकाळी टेबलावर राहिलेला. आणि मला त्या वर्षी लाईन लीडर केलं. मी नाही म्हणाले नाही. घरी पेढे नेले. पेढे चालले बरं का मला त्या दिवशी.

मग काही महिन्यांनी मी एकदा बसमधून उतरताना पडले. नवऱ्यानं डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी काय खातेस विचारलं, व्यायाम काय करतेस विचारलं, आणि डोक्याला हात लावला. एवढ्या व्यायामाला एवढं जेवण पुरत नाही, बाकी काही नाही, म्हणाले. मी भाकरी सुरू केली. थोड्या दिवसांत माझ्या दुपारी मला परत मिळाल्या. हात थांबेनात, कान बधिर होईनात. ज्या दुखण्यासाठी मी एका बाईची नोकरी खाल्ली, त्याला औषध तिच्याच डब्यात होतं आणि तिनं ते मला देऊ केलं होतं. असं वाटलं की स्वतःच्या थोबाडीत मारावी. मारली नाही. भाकरी खाल्ली आणि कामावर गेले.

साहेबांकडे जाऊन सांगता आलं असतं. तेव्हा मंगलची जागा अजून भरली नव्हती. मी एकदा केबिनच्या दारापर्यंत गेले, आणि आत जाऊन सुट्टीचा अर्ज पुढे केला.

आता ती परवाची गोष्ट. म्हणजे ज्यामुळे मी हे लिहायला बसले ती.

चाकणच्या बाजारात भाजी घेत होते. कुणीतरी ताई म्हणून हाक मारली. मंगल. वाळली होती, पण हसत होती. माझ्या हातातली जड पिशवी घ्यायला पुढे झाली. महाळुंग्याच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे, अजून ठेकेदाराचीच. मुलीचं विचारलं. ती गावीच राहिली, आजीकडेच शिकली, आता इकडे यायला नको म्हणते. मंगल हे सांगताना कुणाला दोष देत नव्हती. कंपनीतल्या बायकांची चौकशी केली, साहेबांची केली. मग म्हणाली, साहेबांचं काय चुकलं, ताई, चूक माझीच होती.

"तवापासून मी कामावर भाकर खाईना झालेय," ती म्हणाली. "चहा-बिस्किटावर काढते. परत डोळा लागला अन् कुणाच्या गाडीचा दिवा बंद पडला म्हंजे? पर दुपारी लय गळाल्यावानी होतंय बगा. उभं राहवत नाही."

ते गळणं मला माहीत होतं. गुडघे, कान, हातातली वस्तू न कळणं — सगळं. त्या भरल्या बाजारात तिला बरं करू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते तिच्यासमोर उभं होतं. तुझा डोळा कधी लागलाच नव्हता, मंगल — एवढं एक वाक्य. तेवढं पुरलं असतं.

ती माझ्याकडे बघत थांबली होती. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि तिला म्हणाले, "भाकर सोडलीस ते बरं केलंस."