झुलाल आबांचा फोल्डर

पाचोऱ्यात कुंदनचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो गिऱ्हाइकाला दिले, की दोनेक वर्षांनी तो ते डिस्कवरून काढून टाकतो. एकेक फोल्डर हाताने पुसणं त्याच्या जिवावर येतं, म्हणून त्याने आपलं आपण शिकून एक शेल स्क्रिप्ट लिहिली. यादीतलं नाव उचलायचं आणि त्या नावाचा फोल्डर काही न विचारता पुसायचा. तिचं कौतुक त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवून झालं होतं.

फोल्डरचं नाव तो एरवी सलग लिहायचा. एकदाच चुकला. झुलाल आबा नातीच्या लग्नाची ऑर्डर द्यायला आले आणि "नाव नीट लिखजो भाऊ," म्हणत पाठीशी उभे राहिले. वडीलधाऱ्याचं नाव 'आबा' न लावता कसं लिहायचं? कुंदनने मध्ये जागा सोडून ऐटीत लिहिलं, झुलाल आबा.

गेल्या आठवड्यात ते नाव पुसायच्या यादीत गेलं आणि स्क्रिप्ट चालली.

गुरुवारी त्याची आई, वच्छलाबाई, म्हणाली, "सोमवारले आबानं वर्षश्राद्ध शे. बठ्ठा पाहुणा येतीन. फोटो मोठा करी दे."

हे आबा म्हणजे कुंदनचे वडील. त्यांचे फोटो त्याच डिस्कवर 'आबा' नावाच्या फोल्डरमध्ये होते. तो फोल्डरच नव्हता. झुलाल आबांचा मात्र जसाच्या तसा होता.

कुंदनने स्क्रिप्ट उघडून पाहिली. नाव एकच आहे हे सांगणारी दुहेरी अवतरणचिन्हं त्याने नावाभोवती घातलीच नव्हती. मधली जागा पाहून शेलने, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामने, एका नावाची दोन केली. 'झुलाल' सापडला नाही, 'आबा' सापडला, तो पुसला. गिऱ्हाइकांना दोन कॉपी ठेवायला सांगणाऱ्या या शहाण्याने घरच्या फोटोंची एकच ठेवली होती. फोटो परत आणायचे प्रोग्राम दोन दिवस चालवले, काही हाती लागलं नाही. आईला काय तोंड दाखवायचं? तो रडलाच.

शनिवारी त्याने पुसण्यातून वाचलेला झुलाल आबांचा फोल्डर उघडला. त्या लग्नाला त्याचे आबाही गेले होते. पंगतीत, झुलाल आबांच्या शेजारी, फेटा बांधून बसलेले. फोटो कुंदननेच काढला होता, पण गिऱ्हाइकाचं काम म्हणून नीट पाहिला नव्हता.

त्याने आईला बोलावून सगळं सांगितलं. ती स्क्रीनजवळ वाकली.

"हासी राहिनात," ती म्हणाली. "घरना फोटोमा कधी हासनात नही."

फोटो छापायला टाकून कुंदनने स्क्रिप्टमध्ये अवतरणचिन्हं घातली. मग पुसायची यादी उघडली आणि झुलाल आबांचं नाव काढून टाकलं.